नर्सिंग होममधील गंभीर घटना: तपासणीचा अधिकार वेगळा, आढाव्याचा वेगळा

समजा, एका नर्सिंग होममध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी राहतात. पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी फेरीवर निघालेल्या मदतनीस बाईंना त्या पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये जमिनीवर पडलेल्या आढळतात. खुब्याचे हाड मोडलेले असते. त्यांना रुग्णालयात हलवले जाते, शस्त्रक्रिया होते आणि नवव्या दिवशी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू होतो. मुलीला सांगितले जाते, की आजी पडल्या, वय झाले होते, या वयात असे होते. आई रात्री एकटी उठलीच कशी, असे मुलगी विचारते, तेव्हा मात्र कोणालाच धड उत्तर देता येत नाही.

आता याच नर्सिंग होमची सरकारदरबारची कागदपत्रे पाहा. चार महिन्यांपूर्वी निरीक्षक येऊन गेले आहेत आणि जागा स्वच्छ, नोंदी पूर्ण, कर्मचारी पुरेसे, असा त्यांचा शेरा आहे. आजी पडल्यावर नियमाप्रमाणे नियामकाला कळवलेले आहे. पुढची तपासणीही तिच्या वेळेला होईल. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आहे, आणि तरीही त्या रात्री नेमके काय घडले हे शोधणे कोणाच्याच कामात बसत नाही. अनेक देशांच्या कायद्यांत ही जागा बरीच वर्षे रिकामी होती. काही ठिकाणी ती अलीकडे भरली जात आहे. ती कशी भरली जाते आणि भरल्यावरही काय शिल्लक उरते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्दाविषयी. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की एखाद्या डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. या लेखात तो अर्थ अभिप्रेत नाही. स्वतःची दैनंदिन कामे एकट्याने करणे ज्यांना जमत नाही, अशा प्रामुख्याने वृद्ध व्यक्ती जिथे कायमच्या राहतात आणि जिथे चोवीस तास परिचारिकांची देखरेख असते, ती जागा म्हणजे येथे नर्सिंग होम. तिथे राहणाऱ्याला रुग्ण न म्हणता रहिवासी म्हणतात, कारण ते त्याचे घर असते. हा फरक पुढेही कामी येणार आहे, कारण एकाच छताखाली घरही आहे आणि वैद्यकीय सेवाही आहे, आणि कायद्याला या दोन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे असते.

तपासणी नेमके काय विचारते

उदाहरणासाठी मुख्यतः आयर्लंड घेतो, कारण संस्थेची तपासणी आणि एखाद्या घटनेचा आढावा यांतले अंतर तिथे फार स्पष्ट दिसते. 2005 च्या मे महिन्यात आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेने डब्लिनच्या उत्तरेकडील स्वोर्ड्स येथील लीस क्रॉस नावाच्या नर्सिंग होममध्ये गुप्त कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी ते नर्सिंग होम बंद झाले. तिथे झालेल्या मृत्यूंचा अभ्यास वृद्धचिकित्सा तज्ज्ञ प्राध्यापक डेस ओनील यांनी केला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात तिथल्या परिस्थितीला संस्थात्मक छळ म्हटले होते. एखाद्या दुष्ट कर्मचाऱ्याने केलेला छळ आणि संस्थेच्या रचनेतूनच होणारा छळ, यांतला भेद या शब्दाने लोकांपुढे आला.

या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर 2007 चा आरोग्य कायदा आला. त्याने आरोग्य माहिती व गुणवत्ता प्राधिकरण स्थापन केले, ज्याला तिथे सगळे ‘हिक्वा’ याच नावाने ओळखतात, आणि सामाजिक सेवांचे मुख्य निरीक्षक हे पद निर्माण केले. 2009 च्या जुलैपासून सरकारी आणि खासगी अशा दोन्ही नर्सिंग होमची नोंदणी आणि तपासणी या पदाकडे आली. त्याआधी खासगी नर्सिंग होमची तपासणी होत असे, पण सरकारी नर्सिंग होमवर स्वतंत्र निरीक्षक नव्हता. सरकार स्वतःच्याच घराची पाहणी स्वतःच करत होते.

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कायद्याने बराच अधिकार दिला आहे. ते आगाऊ सूचना न देता येऊ शकतात, कोणतीही खोली पाहू शकतात, कागदपत्रांच्या प्रती घेऊ शकतात आणि रहिवाशांशी वा कर्मचाऱ्यांशी एकांतात बोलू शकतात. नोंदणी तीन वर्षांची असते. ती देताना अटी घालता येतात, नाकारता येते, रद्दही करता येते. रहिवाशांच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर मुख्य निरीक्षक जिल्हा न्यायालयात जाऊन तातडीचा आदेश मिळवू शकतात.

ऐकायला हे सगळे जोरकस वाटते, आणि आहेही. मात्र नोंदणी रद्द करणे हा असा हातोडा आहे, की तो उगारणाऱ्याचाही हात थरथरावा. नर्सिंग होम बंद झाले, तर तिथल्या साठ-सत्तर वृद्धांना काही आठवड्यांत दुसरीकडे हलवावे लागते. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्यासाठी खोली बदलणे म्हणजे जगच बदलणे असते. खाणे सुटते, पडण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे नियामक बहुतेक वेळा अटी, मुदती आणि पुन्हा तपासणी याच वाटेने जातो. बाहेरच्या माणसाला हा बोटचेपेपणा वाटतो. काही वेळा तो तसा असतोही, पण नेहमी नाही.

या सगळ्या अधिकारांत एक गोष्ट समान आहे. त्यांचा प्रश्न नर्सिंग होमविषयी असतो: ही संस्था नियमांप्रमाणे चालते का? अमुक एका व्यक्तीला अमुक एका रात्री काय झाले, हा प्रश्न तपासणीच्या चौकटीत बसत नाही. निरीक्षक वीस फायली नमुन्यादाखल उघडतो. आपल्या आजींची फाईल त्या विसांत असेलच असे नाही, आणि असली तरी ती पुरावा म्हणून वाचली जाते, आजींची कहाणी म्हणून नव्हे.

कळवणे: नियामकाच्या टेबलावर काय पोहोचते

गंभीर घटना घडल्यावर ती नियामकाला कळवण्याचे बंधन जवळपास सगळीकडे आहे; मुदती मात्र वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार छळाचा आरोप किंवा गंभीर शारीरिक इजा असेल, तर नर्सिंग होमने दोन तासांच्या आत कळवायचे असते आणि त्याहून कमी गंभीर प्रकारांत चोवीस तासांत. ऑस्ट्रेलियात 1 एप्रिल 2021 पासून गंभीर घटनांसाठी खास योजना लागू आहे. तिच्यात पहिल्या, म्हणजे अधिक गंभीर, श्रेणीची घटना समजल्यापासून चोवीस तासांत आणि दुसऱ्या श्रेणीची तीस दिवसांत कळवावी लागते. या योजनेत घटनांचे आठ प्रकार ठरवून दिले आहेत आणि त्यांत अनपेक्षित मृत्यू व हेळसांड यांच्याबरोबरच रहिवाशाचे पैसे चोरणे, त्याला विनाकारण बांधून ठेवणे किंवा औषधाने गुंगीत ठेवणे, हेही येते. इंग्लंडच्या नियमांत अशी सूचना ‘विनाविलंब’ द्यावी, असे म्हटले आहे.

या सूचनांविषयी एक साधी बाब अनेकदा नजरेतून सुटते. अर्ज भरणारे हात नर्सिंग होमचेच असतात. ‘रहिवासी खोलीत पडलेल्या आढळल्या, रुग्णवाहिका बोलावली, नातेवाइकांना कळवले’ या वाक्यात एकही शब्द खोटा नसतो. ‘आढळल्या’ या शब्दाआधी किती वेळ गेला, हे त्यात नसते, कारण अर्जाने तसे विचारलेले नसते, किंवा विचारले असले तरी उत्तर ‘अज्ञात’ असे असते. माझ्या मते असे अर्ज वाचण्याच्या कलेत ‘आढळल्या’ या एका क्रियापदाची किंमत ओळखणे हा पहिला धडा असायला हवा.

संख्येचाही असाच घोळ आहे. एका नर्सिंग होमने वर्षभरात चाळीस घटना कळवल्या आणि शेजारच्या नर्सिंग होमने चारच, तर चाळीसवाले वाईट, असा निष्कर्ष निघत नाही. कदाचित तिथे प्रत्येक पडणे प्रामाणिकपणे लिहिले जात असेल, आणि चारवाल्यांकडे पडलेल्याला उचलून पलंगावर बसवले की विषय संपत असेल. सूचनांचा ढीग बघून नियामक फक्त इतकेच ठरवू शकतो, की कुठे जाऊन बघायचे.

तुकडे सगळ्यांकडे, गोष्ट कोणाकडेच नाही

कोविडच्या पहिल्या लाटेत, 2020 च्या वसंतात, ही उणीव आयर्लंडमध्ये फार वेदनादायक रीतीने उघडी पडली. डंडॉक शहराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक रहिवासी दगावले. आपल्या माणसाच्या शेवटच्या दिवसांत त्याला पाणी मिळत होते का, वेदनाशामक मिळत होते का, डॉक्टर आले होते का, असे प्रश्न घेऊन नातेवाईक वेगवेगळ्या दारांवर गेले. प्रत्येक दारावर त्यांना ऐकून घेणारे कोणीतरी भेटले आणि प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवले.

यात कोणाचा निष्काळजीपणा असेलच असे नाही. प्रत्येकाच्या कायद्यानेच त्याची हद्द आखलेली होती. हिक्वाला वैयक्तिक तक्रारीचा तपास करण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. आलेली तक्रार ती पुढच्या तपासणीसाठी माहिती म्हणून वापरू शकत होती, एवढेच. लोकपालांकडे 2015 पासून खासगी नर्सिंग होमविरुद्धच्या तक्रारी जाऊ लागल्या, पण केवळ वैद्यकीय निर्णयाविषयीचा वाद त्यांच्या कक्षेबाहेर आहे. कॉरोनर, म्हणजे संशयास्पद किंवा अनपेक्षित मृत्यूचे कारण शोधणारा न्यायिक अधिकारी, मेलेली व्यक्ती कोण, ती केव्हा, कुठे आणि कशामुळे दगावली, एवढेच ठरवतो. पोलिसांना गुन्ह्याचा संशय लागतो. दिवाणी न्यायालयात जायचे, तर पैसा हवा आणि काही वर्षांचा धीर हवा. शिवाय तिथे नुकसानभरपाईचा दावा निकाली निघतो, घटनेची उकल होईलच याची हमी नसते. मोठ्या चौकशा करण्याचा जो वेगळा अधिकार हिक्वाकडे 2007 च्या कायद्यापासून होता, तो सरकारी आरोग्यसेवा आणि तिच्या वतीने दिल्या जाणाऱ्या सेवा यांच्यासाठी बेतलेला होता. खासगी नर्सिंग होममधल्या एका घटनेवर तो सहजासहजी लागू होत नसे. आणि आयर्लंडमधली बहुसंख्य नर्सिंग होम खासगीच आहेत.

नवा अधिकार

2023 मध्ये आयर्लंडच्या संसदेने रुग्णसुरक्षेचा कायदा केला आणि 26 सप्टेंबर 2024 पासून तो अमलात आला. या कायद्याची अधिक गाजलेली बाजू म्हणजे काही ठरावीक गंभीर घटनांत रुग्णाला किंवा कुटुंबाला सगळे खरे सांगणे आता बंधनकारक झाले आणि त्या वेळी मागितलेली माफी ही कबुली म्हणून न्यायालयात वापरता येत नाही, असे संरक्षण मिळाले. त्याच कायद्याने 2007 च्या कायद्यात भर घालून मुख्य निरीक्षकांना आणखी एक अधिकार दिला, आणि आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे. नर्सिंग होममधील रहिवाशाला आरोग्यसेवा देत असताना घडलेल्या आणि अनपेक्षित मृत्यू वा गंभीर इजेला कारण ठरलेल्या असू शकणाऱ्या घटनेचा ते आढावा घेऊ शकतात.

या वाक्यातले दोन शब्द नीट वाचायला हवेत. ‘घेऊ शकतात’ याचा अर्थ घ्यायलाच हवा असे नाही. हा अधिकार ऐच्छिक आहे. आणि ‘असू शकणाऱ्या’ याचा अर्थ असा, की त्या घटनेमुळेच मृत्यू झाला हे आधी सिद्ध करण्याची गरज नाही. पहिल्या शब्दाने दार अरुंद केले आहे, दुसऱ्याने रुंद. दुसरा शब्द नसता, तर आजींच्या प्रकरणात ‘मृत्यू न्यूमोनियाने झाला, पडण्याने नव्हे’ एवढे म्हणून फाईल बंद करता आली असती.

या आढाव्याचा हेतू शिकणे हा आहे. कोणाचा दोष होता, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी कोणाची, हे ठरवणे त्याच्या कामात येत नाही. ही तरतूद अनेकांना खटकते आणि तिच्याकडे आपण परत येऊ; आधी असा आढावा जवळून कसा दिसेल, ते पाहू.

एका रात्रीचे वाचन

आपल्या काल्पनिक आजींकडे परत जाऊ. आढावा घेणारी व्यक्ती बहुधा आधी आजींच्या फाईलला हात लावणार नाही. ती कॉल बेलच्या यंत्रातली नोंद मागेल. पलंगाशेजारचे बटण केव्हा दाबले आणि केव्हा बंद केले गेले, हे ते यंत्र सेकंदांसह साठवून ठेवते आणि त्यात कोणाचे हस्ताक्षर नसते. नोंद सांगते, की आजींनी 3 वाजून 12 मिनिटांनी बेल वाजवली होती. ती 3 वाजून 40 मिनिटांनी बंद झाली. म्हणजे ‘एकट्या उठल्या’ हे अर्धेच खरे होते. त्यांनी आधी हाक मारली होती आणि अठ्ठावीस मिनिटे कोणी आले नव्हते.

आता मदतनीस बाईंवर रागावणे सोपे आहे. पण पुढचा कागद हजेरीपटाचा असतो. त्या रात्री अडतीस रहिवाशांसाठी एक परिचारिका आणि दोन मदतनीस होत्या. परिचारिका एजन्सीकडून आलेली, या इमारतीत तिची पहिलीच रात्र. त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या खोलीत एका रहिवाशाला श्वास लागला होता आणि तिघीही तिथे होत्या. बेलच्या नोंदीत त्या खोलीचाही क्रमांक आहे. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ‘कर्मचारी पुरेसे’ असे लिहिले होते, ते दिवसाच्या पाळीबद्दल खरे होते. निरीक्षक सकाळी साडेनऊला आले होते.

मग काळजीचा आराखडा. त्यात फेब्रुवारीत लिहिले आहे, की चालताना एका व्यक्तीचा आधार द्यावा. मार्चमध्ये आजी चार दिवस रुग्णालयात होत्या आणि परतताना झोपेची नवी गोळी सुरू झाली होती. औषधांच्या तक्त्यात ती गोळी आहे. पडण्याचा धोका मोजणारा तक्ता मात्र फेब्रुवारीचाच आहे. नव्या गोळीनंतर तो पुन्हा भरला गेला नाही. औषधाचा कागद एका फाईलमध्ये आणि धोक्याचा दुसऱ्या फाईलमध्ये, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचणे हे कोणाच्याच ठरलेल्या कामात नव्हते. पलंगाशेजारी पाय ठेवताच इशारा देणारी चटई आजींच्या नावावर आहे, पण दहा दिवसांपूर्वी ती दुसऱ्या खोलीत हलवल्याची नोंद पाळी बदलतानाच्या वहीत एका ओळीत सापडते. कारण त्या खोलीतली चटई बिघडली होती आणि नवी मागवलेली अजून आली नव्हती.

यानंतर आढावा घेणारी व्यक्ती पडण्यानंतरच्या तासाकडे वळेल. आजींना उचलण्याआधी तपासले का, की दोघींनी काखेत हात घालून त्यांना थेट पलंगावर घेतले? वेदनाशामक केव्हा दिले? रुग्णवाहिका किती वाजता बोलावली? रुग्णालयाला पाठवलेल्या चिठ्ठीत नव्या गोळीचा उल्लेख होता का? खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध माणसाच्या बाबतीत पुढच्या काही तासांत काय केले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते, आणि ‘पडल्या’ या एका शब्दाच्या सूचनेत यातले काहीच येत नाही.

या वाचनातून जे हाती येते, त्यावर तपासणीच्या कोणत्याही रकान्यात खूण करता आली नसती. रुग्णालयातून परतलेल्या रहिवाशाचे औषध बदलले असेल, तर पडण्याचा धोका चोवीस तासांत पुन्हा मोजावा. रात्रीच्या पाळीत एजन्सीची परिचारिका असेल, तर तिच्यासोबत इमारत माहीत असलेली व्यक्ती असावी. इशारा देणारी चटई हलवायची असेल, तर त्याची नोंद रहिवाशाच्या स्वतःच्या आराखड्यात व्हावी. या शिफारशी त्या एका नर्सिंग होमपुरत्या राहत नाहीत. देशातल्या शेकडो नर्सिंग होमना त्या पाठवता येतात, आणि माझ्या मते या अधिकाराचे खरे मोल इथेच आहे.

दोष न ठरवणारा आढावा म्हणजे पळवाट आहे का

नातेवाइकांना असे वाटणे स्वाभाविक आहे. आई गेली, आणि सरकारी कागद म्हणतो की आम्ही कोणालाही दोषी धरणार नाही. हे ऐकून कोणाचे रक्त उसळणार नाही? या तरतुदीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद माणसाच्या स्वभावावर आधारलेला आहे. मदतनीस बाईंना जर माहीत असेल, की ‘चटई मीच हलवली’ हे वाक्य उद्या त्यांच्यावरच्या खटल्यात वाचले जाईल, तर त्या ते उच्चारणार नाहीत, आणि चटया कमी आहेत ही माहिती त्यांच्याबरोबरच राहील. विमान अपघातांच्या तपासात हे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेतील घटनांसाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून जी स्वतंत्र तपास संस्था काम करते, तिच्यापुढे सांगितलेली बरीच माहिती कायद्याने गोपनीय राखली जाते. नर्सिंग होममधील सामाजिक काळजी मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

इंग्लंडच्या नर्सिंग होमसाठी रचना जवळपास उलटी आहे. तिथला नियामक, केअर क्वालिटी कमिशन, 1 एप्रिल 2015 पासून सेवा घेणाऱ्यांना झालेल्या टाळता येण्याजोग्या गंभीर इजेबद्दल सेवा देणाऱ्या संस्थेवर स्वतःच फौजदारी खटला भरू शकतो. नियम मोडल्याने रहिवाशाला इजा झाली, हे सिद्ध झाले तर दंड होतो. कुटुंबाला यात काहीतरी ठोस मिळते, हे नाकारता येणार नाही. पण घटनेची चौकशी करणारा आणि खटला भरणारा एकच असला, की नर्सिंग होमच्या बाजूने पहिल्या मुलाखतीपासून वकील बसतो आणि उत्तरे तीन शब्दांची होतात.

अमेरिकेने तिसरी वाट धरली आहे. तक्रार आली, की राज्याची तपासणी यंत्रणा त्या एका घटनेच्या खोलात जाते. पण प्रत्येक निष्कर्ष कोणता नियम मोडला, याच्या क्रमांकाखाली लिहावा लागतो. परिस्थिती जीवघेणी असेल, तर ‘तातडीचा धोका’ अशी सर्वांत वरची श्रेणी लावली जाते आणि तिच्यामागे दंड येतो. या अहवालांत रहिवाशांची नावे नसतात. ‘रहिवासी क्रमांक 1’, ‘रहिवासी क्रमांक 4’ अशा क्रमांकांनी त्यांच्या रात्री मिनिटांच्या हिशेबात मांडलेल्या असतात, आणि हे अहवाल कोणालाही वाचता येतात. तपशिलाच्या बाबतीत ते श्रीमंत आहेत. मात्र ज्या गोष्टीने इजा झाली पण कोणताही नियम मोडला गेला नाही, ती तिथे लिहायला जागाच नसते. आपल्या उदाहरणातले दोन फायलींमधले अंतर याच प्रकारात मोडते.

माझे मत विचाराल, तर दोष न ठरवणारा आढावा योग्य आहे, पण दोन अटींवर. आढाव्यात गुन्ह्याची चिन्हे दिसली, तर तो प्रकार पोलिसांकडे जाण्याची वाट मोकळी असली पाहिजे. आणि कुटुंबाला केवळ शिफारशींची यादी न देता घटनाक्रम द्यायला हवा. 3 वाजून 12 मिनिटे आणि 3 वाजून 40 मिनिटे हे दोन आकडे मुलीला कळले पाहिजेत, ते ऐकणे कितीही कठीण असले तरी.

‘घेऊ शकतात’ या शब्दाची किंमत

ऐच्छिक अधिकाराचा मोठा धोका म्हणजे तो कायद्याच्या पुस्तकात नीटनेटका पडून राहतो. प्रत्येक गंभीर घटनेचा खोल आढावा घेणे कोणत्याही नियामकाला शक्य नाही. एका आढाव्याला अनुभवी परिचारिका, वृद्धचिकित्सा तज्ज्ञ आणि अनेक आठवडे लागतात. त्यामुळे निवड अपरिहार्य आहे आणि खरा प्रश्न निवडीच्या निकषांचा आहे. ज्या घटनेतून इतरांना शिकता येईल ती, ज्यात एकाच प्रकारची घटना पुन्हा घडली आहे ती, ज्यात अजून तिथे राहणाऱ्यांना धोका आहे ती, असे निकष लेखी आणि जाहीर असले, तर ‘आमच्या आईची का नाही’ या प्रश्नाला उत्तर देता येते. विनंती नाकारली, तर कारण लिहून द्यावे. हे लिहिणे नियामकाला कंटाळवाणे वाटेल, पण नाकारण्याची कारणे लिहायला लागली की निर्णय सुधारतात, असा कोणत्याही कार्यालयातला अनुभव आहे.

कुटुंबांना यात करता येण्यासारखे थोडे असते, पण ते वेळेत करावे लागते. पहिल्या आठवड्यातच नर्सिंग होमला लेखी पत्र देऊन काळजीचा आराखडा, औषधांचा तक्ता, हजेरीपट आणि कॉल बेलची नोंद जपून ठेवण्यास सांगावे. बेलच्या अनेक यंत्रांतल्या जुन्या नोंदी काही काळाने आपोआप पुसल्या जातात. फोनवर कोणी काय सांगितले, ते तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावे. नियामकाकडे पाठवायच्या पत्रात भावना जरूर असाव्यात, पण प्रश्न वेगळ्या ओळीवर आणि एका ओळीत एकच असावा.

ज्याला वेळ नसते

या अधिकाराची एक मर्यादा कायद्याच्या भाषेतच दडलेली आहे. तो ‘घटने’वर चालतो, आणि घटनेला सुरुवात असते, शेवट असतो, तारीख असते. 2025 च्या जून महिन्यात आरटीईने पुन्हा एकदा गुप्त कॅमेऱ्याने आयर्लंडमधल्या दोन नर्सिंग होममधील चित्रण दाखवले, लीस क्रॉसनंतर वीस वर्षांनी. कर्मचाऱ्यांची कमतरता आणि रहिवाशांना उचलण्या-हलवण्याच्या चुकीच्या पद्धती त्यात दिसल्या. त्यातले बरेचसे असे होते, की ते नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे सांगता येणार नाही.

एखाद्या आजोबांचे वजन सहा महिन्यांत सात किलोने उतरते, कारण जेवणाचे ताट समोर ठेवले जाते आणि अर्ध्या तासाने तसेच उचलले जाते. त्यांना चमचा धरता येत नाही, हे पाहायला कोणाला सवड नसते. रोजच्या वहीत ‘जेवण दिले’ असे लिहिले जाते, आणि ते खरे असते. यात कोणी पडलेले नाही, कोणी हरवलेले नाही, कोणी आरोप केलेला नाही. उद्या एखाद्या जागरूक परिचारिकेने हा प्रकार नियामकाला कळवायचे ठरवले, तर तिच्यापुढच्या अर्जातला एक रकाना ‘घटनेची तारीख व वेळ’ असा असेल, आणि त्यात काय लिहावे याचा विचार करत तिला बराच वेळ बसावे लागेल.